शुक्रवारचं भांडं

संस्थेच्या स्वयंपाकघरात तिला सगळे चिमटा म्हणत. नाव आचाऱ्याने ठेवलं होतं. एकदा तिने एका गंजलेल्या ट्रेवरून तक्रार लावून धरली आणि नवा ट्रे येईपर्यंत त्याला ना धड बसू दिलं, ना उठू दिलं. तेव्हा तो कपाळाला हात लावून म्हणाला, ही बाई नव्हे, चिमटा आहे. तिला नाव आवडलं. तक्रार करायला तिला कारण दिसलं नाही.

धरलेलं ती सोडत नसे हे खरंच होतं. मनात एक माणूस तिने असाच धरून ठेवला होता. लहान होती तेव्हापासून.

संस्था ज्यू समाजाची. वर कचेरी, खाली स्वयंपाकघर. जे म्हातारे घराबाहेर पडू शकत नाहीत त्यांना इथून डबे जात. ज्यांना उठवत नाही त्यांना आंघोळ घालायला माणूस जाई. दवाखान्यासाठी गाडी होती. ज्याला कुणीच नाही त्याला रोज सकाळी फोन करायचं काम एका निवृत्त शिक्षिकेकडे होतं, आणि ती फोनवरसुद्धा शुद्धलेखन तपासल्यासारखी बोले. स्वयंपाकघरात जमिनीवर एक लाल पट्टी ओढलेली होती. पट्टीच्या अलीकडे मांसाची भांडी, पलीकडे दुधाची. धर्माचा नियमच तसा, दोन्हींची गाठ पडायची नाही. अलीकडचा चमचा चुकून पलीकडे गेला तर आचारी असा ओरडे, की मूल विहिरीत पडलं असं वाटावं.

आणि शुक्रवार. शनिवार विसाव्याचा दिवस, शब्बाथ. तो शुक्रवारी सूर्य मावळताच सुरू होतो आणि मग घरात विस्तव पेटवायचा नाही. त्यामुळे जे शिजवायचं ते आधीच शिजवून मंद आचेवर झाकून ठेवतात. आठवडाभर पाव पाण्यात बुडवून खाणारं घरही त्या दुपारी भांडं चढवतं. पोटाला चिमटा काढून वाचवलेलं सगळं त्या एका भांड्यात जातं. म्हणजे शुक्रवारी दुपारी ज्यू घरात जे काही असेल ते शेगडीवर असतं.

बाहेरच्याला हे ठाऊक नसतं. बूटवाला आतला होता.

चौकात त्याचं दुकान होतं. माणूस समोर आला की तो आधी त्याचे पाय बघायचा, मग चेहरा. बूट चांगले असतील तर चेहराही चांगला, असा त्याचा हिशोब. संस्थेच्या समितीवर तो होता, आणि मदत घेणाऱ्यांच्या घरी जाऊन खरोखर गरज आहे का ते बघायचं काम त्याने स्वतःकडे मागून घेतलं होतं. फुकट्यांचा सुळसुळाट झालाय असं तो म्हणे.

चिमट्याचे वडील पुस्तकं बांधायचे. खोकत खोकत गेले. आई घरी बसून कोटांना काज करायची. त्यात दोघींचं भागत नव्हतं, म्हणून संस्थेकडून दर आठवड्याला एक पिशवी यायची. त्या शुक्रवारी खालच्या मजल्यावरच्या सुईणीने अर्धी कोंबडी आणून दिली. आईने तिचा कोट उसवून पुन्हा शिवून दिला होता, त्याबद्दल. आईने निळं भांडं काढलं. कानावरचा मुलामा उडालेलं, पण घरातलं सर्वांत मोठं. घरभर वास पसरला. मुलगी भांड्याभोवती मांजरीसारखी घोटाळत होती, आणि आई पहिल्यांदाच तिला हाकलत नव्हती.

तेवढ्यात बूटवाला आला. त्याने दार वाजवलं, पण थांबला नाही. टोपी काढली नाही. सरळ शेगडीपाशी गेला, खिशातला रुमाल काढला आणि झाकण उचललं. वाफेने त्याचा चष्मा धुरकटला. त्याने तो शांतपणे पुसला, पुन्हा लावला आणि भांड्यात वाकून पाहिलं.

“कोंबडी खाता,” तो म्हणाला, “आणि आमच्यापुढे हात पसरता.”

आई काही बोलली नाही. सुईणीचं नावही घेतलं नाही. तिने त्याच्या हातातलं झाकण उघड्या हाताने घेतलं आणि आवाज न करता पुन्हा भांड्यावर ठेवलं. झाकण तापलेलं होतं. तिच्या बोटांना फोड आले आणि पुढचे कितीतरी दिवस तिला सुई धरता आली नाही.

कोंबडी टाकून देता येत नव्हती. मुलगी जेवली. आई म्हणाली, मला भूक नाही. पुढे ती हे रोजच म्हणू लागली. पिशवी बंद झाली. प्रार्थनालयात बाकावरच्या बायका तिला जागा देताना जरा जास्तच सरकून बसू लागल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. तिची मूठ समाजादेखत उघडली होती. हिवाळा संपायच्या आत ती गेली. डॉक्टरांनी आजाराला छातीचं काहीतरी नाव दिलं. मुलीने वेगळं नाव दिलं, आणि ते चौकातल्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं.

शाळा सुटली. ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात लागली. रक्ताच्या चादरी, उकळतं पाणी, सोड्याने सोललेले हात. तिथेच तिला एक बसड्रायव्हर भेटला. मोडका पाय घेऊन आला होता आणि बायको घेऊन गेला, असं तो सांगायचा. माणूस सोन्यासारखा. लग्नाआधी तिने त्याला निळ्या भांड्याची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, सोडून दे. ती म्हणाली, तुम्ही उतारावर ब्रेक सोडून दाखवा, मग मी हे सोडते. पुढे तो पाहुण्यांना सांगायचा, आमच्या घरात तिघं राहतात. मी, ही, आणि तो बूटवाला. पाहुणे हसत. तीही हसायची. तिसऱ्याचं बिऱ्हाड मात्र हललं नाही. ड्रायव्हर गेला, तरी ते होतंच.

नवरा गेल्यावर ती संस्थेत आली. आधी भांडी घासायला, मग स्वयंपाकाला, मग घरोघरी भेटी द्यायला. समितीवर तोवर नवी माणसं आली होती आणि बूटवाला कधीचा विस्मरणात गेला होता. पण एका वर्षी खजिनदारांनी जुनीच टूम काढली. मदत द्यायच्या आधी घरं तपासावीत. त्या बैठकीत ती चहा द्यायला गेली होती. तिने किटली खाली ठेवली. खजिनदारांची बॅग टेबलावर होती, ती उघडली, त्यातला त्यांचा डबा काढला आणि सगळ्यांसमोर एकेक खण मांडला. मग वाकून बघत म्हणाली, “अंडी दोन? एकात नसतं भागलं?”

खजिनदार लालबुंद झाले. कुणीतरी हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. त्या दिवशी नियम ठरला. मदत मागणाऱ्याच्या घरात डोकावायचं नाही. माणूस सांगेल ते खरं धरायचं. डबा दाराच्या कडीला अडकवायचा, दार वाजवायचं आणि निघायचं, म्हणजे कुणी दिलं, कुणी घेतलं, याची तोंडं समोरासमोर येत नाहीत. संस्थेत त्याला झाकणाचा नियम म्हणत. नाव असं का, ते तिलाच माहीत होतं. एका माणसाच्या द्वेषातून जन्मलेला तो नियम कितीतरी घरांची अब्रू राखत होता.

मग एके दिवशी समाजसेविका खाली आली. कोवळी मुलगी, तिला मावशी म्हणणारी. म्हणाली, एक आजोबा आहेत. त्यांच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंचा फोन आला होता. जिन्यात हल्ली दिसत नाहीत. बायको गेली, मुलगा लांब असतो, त्याचा फोनही येत नाही. आपण विचारलं तर म्हणतात, मला काही नको, मी जेवतो. कुणीतरी जाऊन भेटायला हवं.

“पूर्वी चौकात बुटांचं दुकान होतं म्हणे त्यांचं.”

चिमट्याच्या हातातली सुरी बटाट्यातच थांबली.

“मी जाते,” ती म्हणाली.

शुक्रवारच निवडला. दुपारच. निघताना तिने नवे बूट घातले. तो आधी पाय बघायचा.

दार उघडलं आणि ती क्षणभर चुकल्यासारखी झाली. तिच्या द्वेषात तो बराच उंच होता. समोर एक वाळलेला म्हातारा होता. शर्टाच्या गळ्यात मान सैल हलत होती. त्याने तिच्या पायांकडे पाहिलंच नाही. दिसतच नसावं. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती.

ती संस्थेतून आल्याचं ऐकून त्याने दार आणखी थोडं लोटलं. त्याचं बरं चाललंय, असं त्याने सांगितलं. ज्यांना खरी गरज आहे त्यांच्याकडे जावं. मग मागे मान वळवून म्हणाला, “भांडं चढवलंय मी.”

तिच्या जागेवरून आतला ओटा दिसत होता. गॅस, त्यावर भांडं, भांड्यावर झाकण. वाफ नव्हती. वास नव्हता. शुक्रवारची दुपार, आणि घराला वास नाही.

तिला सगळं कळलं. आणि लगेच दुसरंही कळलं. तिला काहीच करायचं नव्हतं. नियम होता, आणि तो तिचाच होता. माणूस सांगेल ते खरं.

“शब्बाथ सुखाचा जावो,” ती म्हणाली आणि जिना उतरली.

कचेरीत तिने सांगितलं, ते म्हणाले भांडं चढवलंय. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. समाजसेविकेने सुस्कारा टाकला, बरं झालं म्हणाली. त्या संध्याकाळी चिमटा पोटभर जेवली. ताट पुसून खाल्लं. नवऱ्याच्या फोटोकडे बघून म्हणाली, बिऱ्हाड रिकामं होतंय हो.

आठवडाभर ती हलकी होती. आचाऱ्याला टोमणे मारले, शिक्षिकेची नक्कल केली. कुणी तिला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, की कुणाला ढकलावं लागत नाही, नुसतं बाजूला उभं राहिलं तरी पुरतं. पण कुणी विचारलं नाही.

पुढच्या शुक्रवारी ती पुन्हा गेली. कुणी सांगितलं नव्हतं. तिला बघायचं होतं. या वेळी दार उघडायला त्याला वेळ लागला. तो चौकट धरून उभा होता आणि चौकटच त्याला धरून आहे असं दिसत होतं. ओठांना पापुद्रे आले होते. त्याने तेच सांगितलं. भांडं चढवलंय. तेच भांडं, तसंच झाकण. हललेलंही नाही.

ती जिना उतरू लागली आणि मध्येच तिचा पाय अडला.

दया आली नव्हती. दयेचं खातं तिच्याकडे त्याच्या नावाने उघडलेलंच नव्हतं. तिला वेगळंच दिसलं. हा असाच जाईल. चार माणसं येतील, म्हणतील, मानी होता, शेवटपर्यंत कुणापुढे हात पसरला नाही. याचं झाकण कुणी उघडणार नाही. आईचं उघडलं होतं, आणि हा झाकलेला मरेल. अब्रूने. आणि ती अब्रू तिच्या नियमाने राखलेली असेल.

ती परत वर गेली. दार अजून लागलं नव्हतं. त्याच्या बगलेखालून ती आत शिरली, सरळ गॅसपाशी गेली, खिशातला रुमाल काढला. रुमालाची गरज नव्हती. भांडं थंडगार होतं. पण हे असंच करायचं, हे ती लहानपणापासून ठरवत आली होती.

झाकण उचललं.

भांड्यात मेणबत्त्यांचे तुकडे होते. शुक्रवारी संध्याकाळी लावतात त्या मेणबत्त्यांची थोटकं, पुन्हा वितळवून वापरण्यासाठी जमवलेली. एक वात. बाकी काही नाही.

तिच्या तोंडात वाक्य तयार होतं. अख्खं आयुष्य ते तिने घासून घासून धार लावून ठेवलं होतं. तेवढ्यात भिंतीला हात लावत तो जवळ आला. त्याने तिच्या हातातलं झाकण घेतलं आणि आवाज न करता पुन्हा भांड्यावर ठेवलं.

वाक्य घशातच राहिलं. असं कुणी ठेवलं होतं ते तिला माहीत होतं. तिच्या अंगाचा भडका उडाला. बाकी सगळं नेलंच होतं याने. आईचं हेही उचललं.

“मला ओळखलंत?” तिने विचारलं.

त्याने मान हलवली. नाही.

तिने सांगितलं. घर सांगितलं, जिना सांगितला, पुस्तकं बांधणारा बाप सांगितला. निळं भांडं, वाफ, धुरकटलेला चष्मा. त्याचं वाक्य त्याला शब्दाशब्दाने परत दिलं. तो मान कलती करून ऐकत होता. दुकानात एखादं गिऱ्हाईक जुन्या बुटांचं वर्णन करून सांगतं आणि मालक मनातल्या मनात फळ्या धुंडाळतो, तसा. त्याने खरोखर आठवून पाहिलं. हे तिला दिसलं, आणि त्यानेच तिचं पित्त खवळलं.

“तशी पुष्कळ घरं होती, बाई,” तो म्हणाला.

ती तिथल्या स्टुलावर बसली. इतकी वर्षं तिने त्याला पाठुंगळीला घेऊन वाहिलं होतं आणि आपण कुणाच्या पाठीवर आहोत हे त्याला ठाऊकही नव्हतं. त्याला उपाशी मारून काय मिळणार होतं? न आठवताच गेला असता. सुटला असता.

ज्यू माणसं एकमेकांना एक आशीर्वाद देतात. एकशेवीस वर्षं जगा. वाढदिवसाला देतात, शिंकल्यावरही देतात. ती उठली, त्याच्या अगदी समोर उभी राहिली आणि तिने तो आशीर्वाद दिला. शाप देतात तसा.

“एकशेवीस वर्षं जगा,” ती म्हणाली. “जगवते मी.”

त्याच दुपारी, सूर्य मावळायच्या आत, ती डबा घेऊन परत आली. सोमवारी तिने समाजसेविकेला सांगितलं, त्याचं नाव घाल. मुलीने विचारलं, ते हो म्हणाले? ती म्हणाली, म्हणेल. मग मुलीने जरा थांबून विचारलं, मावशी, तुम्ही झाकण उघडलंत?

“हो.”

“नियम तुमचाच आहे ना?”

“म्हणून तर मी मोडला. दुसऱ्या कुणी मोडला असता तर त्याची गय केली नसती.”

समाजसेविका म्हणाली, मग तिथे दुसऱ्या कुणाला पाठवू या. ती म्हणाली, ते जमायचं नाही. तो माझा आहे. मुलीला वाटलं, ही माया. तिने मावशीचा हात दाबला. मावशीने दाबू दिला.

मग तिने त्याला असा धरला, की आचाऱ्यालाच त्या म्हाताऱ्याची कीव आली. रोजचा डबा. डॉक्टर. चष्म्याची नवी काडी. आंघोळ घालायला माणूस, आणि तो चुकारपणा करतो का ते बघायला ही. खोलीत हीटर बसवला. शिक्षिकेचा सकाळचा फोन सुरू झाला आणि पहिल्याच आठवड्यात तिने त्याच्या दोन शब्दांचे उच्चार सुधारले. आधी तो नको नको म्हणत होता. मग नुसता मान हलवू लागला. मग डब्याची वेळ झाली की दाराशी येऊन बसू लागला. गालांवर थोडं मांस आलं. डॉक्टर म्हणाले, हृदय घोड्यासारखं आहे. ती म्हणाली, असू दे, लागणार आहे.

इतर दिवशी डबा कडीला अडकवून ती निघून जाई. शुक्रवारी नाही. शुक्रवारी ती घरून निळं भांडं आणायची. तेच, कानावरचा मुलामा उडालेलं. त्यात कोंबडी, बटाटे, गाजर. त्याच्या गॅसवर नीट तापवायची, घरभर वास होऊ द्यायची. मग भांडं त्याच्यापुढे ठेवून फडकं त्याच्या हातात द्यायची. झाकण त्याने उघडायचं. रोजचा डबा ती पोचवत असली तरी शुक्रवारी ते त्याचं काम. वाफेने त्याचा चष्मा धुरकटायचा. तो पुसेपर्यंत ती थांबायची.

“आठवलं?”

“नाही.”

“मग जेवा.”

असं किती शुक्रवार चाललं कोण जाणे. खालच्या मजल्यावरच्या बाई संस्थेत फोन करून सांगायच्या, तुमच्या त्या बाई म्हणजे देवमाणूस. पोटच्या पोरीने एवढं केलं नसतं. आचाऱ्याने हे तिला सांगितलं तेव्हा ती कांदा चिरत होती. म्हणाली, खरंय, पोटच्या पोरीने माफ केलं असतं.

एका शुक्रवारी तिने भांडं त्याच्यापुढे ठेवलं आणि झाकणाला हात लावायच्या आधीच तो म्हणाला, “आठवलं.”

तिने गॅस बंद करायला वळवलेला हात तसाच ठेवला.

तो सांगू लागला. पावसाळी दिवस होता. बाई रडत होती. तिने हात जोडले, पोरीकडे बघून तरी दया करा म्हणाली. त्याला वाईट वाटलं होतं, पण समितीचा नियम होता. बोलताना तो तिच्या चेहऱ्याच्या साधारण दिशेने बघत होता, आणि खूश होता. शेवटी तिला हवं ते शोधून दिलं म्हणून. अशा पुष्कळ बायका खरंच रडल्या असतील. त्यातली एक त्याने तिच्यासाठी निवडून आणली होती.

तिने ऐकून घेतलं. मग गॅस बंद केला.

“ती एक शब्द बोलली नव्हती,” ती म्हणाली. “जेवा. गार होतंय.”

त्याचा हात फडकं शोधत टेबलावर फिरला. फडकं तिच्या खांद्यावर होतं. तिने ते तिथेच राहू दिलं. थोडा वेळ त्याने वाट पाहिली. मग उघड्या हाताने झाकण उचललं, आणि बोटांना चटका बसला तरी टाकलं नाही. आवाज न करता बाजूला ठेवलं. हात मांडीवर घेऊन तो बसून राहिला. चष्मा धुरकटलेला होता. पुसला नाही. काही बोलला नाही.



“आता जरा जवळ आलात,” ती म्हणाली, आणि त्याला वाढायला घेतलं.